पोचल्यावरचं वजन

निघताना प्रत्येकाच्या सॅकचं वजन करायचं, हा आमच्या शाळेच्या पदभ्रमण प्रशिक्षणातला पहिला नियम. सॅक ताणकाट्याला टांगायची, आकडा वहीत लिहायचा, नऊ किलोंच्या वर एक ग्रॅमही कुणाच्या पाठीवर जाऊ द्यायचा नाही. सतरा वर्षं मी हे इमानेइतबारे करतेय. पण पोचल्यावरही वजन करावं, असं सतरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, याचा मला अजून स्वतःचाच राग येतो.

त्या दिवशी परीक्षेची चाल होती. सहा मुलं, चौदा किलोमीटर, सोबत मोठं माणूस नाही. यात पास होणाऱ्यांना पुढच्या महिन्यातली पाच दिवसांची मोहीम. मी अर्ध्या वाटेवरच्या पुलाजवळ आडोशाला उभी राहून मोजले, सहाही जण होते. त्यापुढची टेकडीवरची चौकी मुख्याध्यापकांनी हौसेने मागून घेतली होती. गटाची प्रमुख माझी लेक. तिला मुलांनी निवडलंय, मी नाही, हे मी आल्यागेल्याला न विचारता सांगत असे. सरावात तीही मला मॅडमच म्हणायची.

दुपारी दोनला, चाल संपते त्या पाण्याच्या टाकीपाशी पाच जण आले. ठरल्या वेळेच्या तासभर आधी. मुख्याध्यापक टाळ्या वाजवत गाडीतून उतरले. इतक्या झटपट चाल आजवर कुठल्याच गटाने पुरी केली नव्हती म्हणे. फोटोसाठी त्यांनी मुलांना उंचीप्रमाणे उभंही केलं.

सहावी कुठेय, मी विचारलं.

"येतेय मागून," लेक म्हणाली आणि फोटोसाठी केस नीट करू लागली.

मागून म्हणजे कुठून, ते पाचातल्या एकालाही सांगता येईना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो सगळ्यात हळू चालतो त्याला सगळ्यात पुढे ठेवायचं, हे मी त्यांना पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगत आले होते. टेकडीवरून किती जण गेले, असं मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, गेले की सगळे. साहेब उन्हामुळे काचा वर करून झोपले होते, हे ड्रायव्हरने मला हळूच सांगितलं.

मी आल्या वाटेने उलट्या दिशेने निघाले. दीड किलोमीटरवर ती दिसली. बेकरीवाल्याची मुलगी, अंगाने गटात सगळ्यात लहानखुरी. दहा पावलं टाकायची, गुडघ्यांवर हात टेकून थांबायची, पुन्हा दहा पावलं. मी सॅक घ्यायला गेले तर देईना. जमतंय मॅडम, राहू द्या, एवढंच म्हणत राहिली. शेवटी जवळजवळ हिसकावूनच घेतली, तेव्हा माझाच खांदा खाली गेला.

टाकीशेजारच्या झाडाला मी ताणकाटा अडकवला. तिची सॅक सोळा किलो. आत दोन्ही तंबू, स्टोव्ह, सगळी भांडी. मग बाकीच्यांच्या टांगल्या. सहा. साडेपाच. सहा. पाच. माझ्या लेकीची चार.

मुख्याध्यापक म्हणाले, मुलांमुलांत असं चालायचंच, ही गटाची अंतर्गत बाब आहे. मी म्हटलं, गाढवावर लादतानासुद्धा माणूस एकदा त्याच्याकडे बघतो.

लेकीकडे उत्तर तयार होतं. पूल ओलांडल्यावर त्यांनी रीतसर बैठक घेतली होती. ती तशीही मागेच पडते, मग ओझं तिच्याकडे दिलं तर निदान बाकीचे वेळेत पोचतील, असं सर्वानुमते ठरलं. तीही हो म्हणाली होती. एरवी चार ताटं उचलायला सांगितली की हिची पाठ दुखते, आणि इथे दुसऱ्याच्या पाठीचा हिशेब किती चोख!

"ती हो म्हणाली, ते कशावरून?" मी विचारलं.

लेक बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. मग म्हणाली, "नाही घेतलंस तर मोठ्या मोहिमेला तुला नेणार नाही, असं मी म्हटलं."

बेकरीवाल्याची मुलगी लगबगीने म्हणाली की तिची काही तक्रार नाही. तिच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. ते बघून मला माझ्या पोटच्या पोरीची लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी निकालाचे कागद काढले. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. आई आहात, तुमची अडचण कळते, पाहिजे तर सह्या मी करतो, असं म्हणत त्यांनी पेनसाठी हात पुढे केला. झोपून चौकी राखणाऱ्या माणसाचा तो उदार हात बघून माझं उरलंसुरलं डोकं फिरलं. बेकरीवाल्याच्या मुलीच्या कागदावर मी 'पास' लिहिलं. दुसऱ्या गटातून ती मोहिमेला जाईल, हे तिथल्या तिथे ठरवलं. बाकी चौघांच्या कागदांवर 'नापास'. राहिला एक.

लेक जवळ आली. मॅडम म्हणायचं विसरली होती.

"आई, प्लीज. दोन वर्षं मी याचीच वाट बघतेय."

हे मला ठाऊक होतं. तिचे बूट मीच घेऊन दिले होते. मी लिहिलं, 'नापास. सोबतिणीवर ओझं लादलं आणि तिला मागे टाकलं.' खाली झरकन सही केली.

निकाल मान्य असल्याची पालकांचीही सही लागते. बाकी पाचही जणांचे कागद त्यासाठी घरी जायचे होते. हिचा मी गाडीच्या बॉनेटवर तसाच ठेवला आणि पालक म्हणून सही करायला घेतली. नाव पुरं होईपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं.