शारजाची कढई आणि हाताचा सलाम

वरवट बकालच्या अमीनाच्या हातची मुर्गी शिजायला लागली की बसमधून उतरलेला परगावचा माणूस वास घेत घेत तिच्या दारात येऊन उभा राहायचा, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याला आठवायचं की आपण तर पुढे संग्रामपूरला निघालो होतो. हे कमी करूनच सांगितलेलं बरं, नाही तर लोक थाप समजतात.

त्या हाताला घरात एक मान होता. घरच्या पोरीच्या मंगनीला, म्हणजे साखरपुड्याला, पाव्हणे जेवून उठले की त्यांच्यातला वडीलधारा माणूस सैपाकघराच्या पडद्याबाहेर उभा राहून विचारायचा, "आजचं जेवण कोणत्या हातानं रांधलं?" रांधणारीनं स्वतःचं नाव घेणं बेअदबीचं. ते घरातल्या दुसऱ्या बाईनं आतून सांगायचं. मग तो म्हातारा कपाळाला हात लावून म्हणायचा, "सलाम त्या हाताले." बस, एवढंच. पण एवढ्यासाठी अमीना जीव टाकायची. नणंदांच्या, चुलत नणंदांच्या, सगळ्या मंगन्यांत तो सलाम तिलाच मिळालेला. आणि आतून नाव सांगायचं काम धाकट्या जावेचं, मुबीनाचं. दोघींचं अंगण एक, मधली भिंत एक. मुबीना बिचारी दर खेपेला ओढणी सावरून म्हणायची, "भाभीचा हात."

सारं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुबीनाच्या भावानं शारजाहून बिजलीची कढई पाठवली.

कढई कसली, चकाकता डबाच तो. आत तेल ओतायचं, जाळीत पक्षी ठेवायचा, बटण फिरवायचं की लाल दिवा लागतो. धूर नाही, फुंकणी नाही. अख्खी मुर्गी उभीच्या उभी तळून निघते म्हणे. गल्लीतल्या बाया बघायला आल्या त्या परत जायचं नाव घेईनात. मुबीनानं बटाटे तळून वाटले. अमीनानंही एक खाल्ला. चांगला होता. त्यामुळे तर तिनं दुसरा घेतला नाही.

"काय वं भाभी, कसा हाय?" मुबीनानं विचारलं.

"बटाटा कोणीबी तळते," अमीना म्हणाली. "बटाट्याले कुठं तोंड असते नाव सांगाले?"

त्याच हिवाळ्यात झेबाची मंगनी ठरली. झेबा म्हणजे अमीनाचा मेहबूब आणि मुबीनाचा अकरम या दोघा भावांची सगळ्यात धाकटी बहीण, दोन्ही भावजयांच्या हाताखाली वाढलेली. लग्नाला आलेली घरातली ही शेवटची पोर. म्हणजे सलामही शेवटचाच. खामगावहून मुलाचे आजोबा, हाजी सकलैन, येणार होते.

आणि अमीनाचा नवरा मेहबूब, ज्याला कोणत्या वेळी काय बोलू नये ते आजवर कळलं नाही, चहा पिता पिता म्हणाला, "आपल्या वावरातला मोठा टर्की कापू! मुबीनाच्या कढईत अख्खा तळू! हाजीसाहेबानं जिंदगीत असं खाल्लं नसन."

टर्कीची गोष्ट अशी. त्या दोन-तीन वर्षांत बीटी कपाशीच्या बोंडातही गुलाबी अळी शिरली होती. बियाणं नवं, फवारणी महाग, आणि बोंड फोडावं तर आत अळी बसलेली. लोकांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटली. मेहबूबनं मात्र बाजारातून टर्कीची पिल्लं आणून कपाशीत सोडली. गाव हसलं. पण त्यातला एक नर अळ्या खाऊन खाऊन असा फुगला, की दुपारी त्याच्या सावलीत बकऱ्या बसायच्या. चोचीनं बोंड उघडून तो अळी खातो आणि बोंड पुन्हा मिटवून ठेवतो, असं मेहबूब सांगायचा. त्यातलं मिटवून ठेवायचं तेवढं खोटं असावं.

पक्षी आपल्या घरचा, दाणे आपण टाकले, आणि सलाम जाणार कढईवालीला? हे अमीनाला मानवेना. तिनं आधी पक्षी आजारी असल्याचं सांगून पाहिलं. तेवढ्यात तो पक्षी अंगणात येऊन कुत्र्याच्या मागे धावला. मग तिनं दुसरा रस्ता धरला.

"मशीन तुहं," मंगनीच्या आदल्या दिवशी पक्षी कापला तेव्हा ती मुबीनाला म्हणाली, "पण मसाला माहा. मी आजच लावून ठेवतो."

"पण भाभी, कढईच्या खोक्यावरच्या फोटोतला पक्षी कोरडा हाय. पुसून ठेवल्यावानी."

"तो गोऱ्या लोकायचा पक्षी हाय. त्याईले आजारी माणसाचं जेवन गोड लागते. आपण काय दवाखान्यात हाओत?"

आपल्याकडे बिनमसाल्याचा पक्षी पाव्हण्यापुढं ठेवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणंच. अमीनानं दही, आलं-लसूण, तीळ, खोबरं वाटून त्या टर्कीला असं लेपलं की त्याचा आकार ओळखू येईना. आता कढई कोणाचीही असो, चव आपली, असं म्हणून ती निश्चिंत झाली.

मुबीनाही काही दूधखुळी नव्हती. सकाळी अमीना अंघोळीला गेली तेव्हा तिनं त्यावर बेसन आणि अंड्यांचा आपला स्वतःचा लेप चढवला. आपलंही बोट लागलेलं असावं, बाकी काही नाही. शिवाय खुणेप्रमाणे कढई अर्धीच भरणं तिला पटेना. मंगनीच्या दिवशी भांडं रिकामं दिसणं बरं नव्हे, म्हणून तिनं सरकीचं तेल काठोकाठ ओतलं.

तेल तापलं. लाल दिवा विझून हिरवा झाला. दोघी जावा दोन बाजूंनी जाळी धरून उभ्या, कारण सोडायला कोणीच तयार नव्हती.

"सोडा भाभी, मशीन माहं हाय."

"पक्षी माहा हाय. तूच सोड."

दोघींनी एकदमच सोडली.

दोन लेपांतलं पाणी आणि काठोकाठ तेल एकमेकांना भेटलं. कढईनं आधी एक उचकी दिली. मग फेस वर आला, आणि येतच राहिला. झाकण हवेत नाचलं, मसाल्याचा लोंढा अंगणातून वाहत दारापर्यंत गेला. शेजारची पांढरी मांजर पुढं बकरी ईदेपर्यंत केशरी होती. दोघी वेळेवर मागे पळाल्या म्हणून वाचल्या. अकरमनं लांब बांबूनं वायर उपटली, पण त्याआधीच खांबावरच्या विजेच्या डीपीवर फटाका फुटला आणि अख्ख्या गल्लीची लाइन गेली.

"मेली वं माही कढई!" मुबीना जमिनीवर बसून रडायला लागली.

अमीनानं ते पाहिलं, आणि तिला आत गोड गोड वाटलं, तोंडात साखर ठेवल्यासारखं. तिनं ते गोड नीट चघळूनही घेतलं. मग रस्त्यावर खामगावच्या जीपचा हॉर्न वाजला.

"उठ," ती म्हणाली. "आण तो पक्षी इकडं. रडाले मंगनी झाल्यावर टाइम भेटन."

बाहेरचा चुला पेटला. लाकडं नव्हती, होत्या गावानं उपटलेल्या वाळक्या पऱ्हाट्या. त्या भुरकन पेटतात आणि भुरकन संपतात. एकीनं सारख्या घालत राहावं तेव्हा दुसरीला रांधता येतं. मुबीना डोळे पुसत पऱ्हाट्या मोडून घालत होती, अमीना अर्धा तळलेला टर्की तोडून डेगीत परतत होती. बाहेर मेहबूब पाव्हण्यांना अळ्यांच्या गोष्टी सांगून थांबवत होता, आणि भुकेले पाव्हणे अळ्यांचंही कौतुक करत होते.

टर्की झाला, आणि असा झाला की मेहबूबची अळ्यांची गोष्ट अर्धीच राहिली. बाहेर फक्त हाडं वाजत होती.

मग ती वेळ आली. पडद्याबाहेर काठी टेकली. हाजीसाहेबांचा आवाज आला, "आजचं जेवण कोणत्या हातानं रांधलं?"

अमीना पडद्याजवळ सरकली. सगळं आता मुबीनाच्या जिभेवर होतं. कढई गेली, अंगणात फजिती झाली, आणि सकाळपासून आपण हिला टोचतोय. ही म्हणेल, माझा हात. किंवा गप्प बसेल, सलाम बुडवायला तेवढंही पुरे. अमीनानं जावेकडे पाहिलं. मुबीनाच्या नाकावर काजळी होती.

मुबीनानं ओढणी सावरली.

"भाभीचा हात," ती स्वच्छ म्हणाली. "मी तर सारं सांडून बसलो होतो. चव आली ते भाभीच्या हातानं."

मग हाजीसाहेब म्हणाले, "सलाम त्या हाताले. अन् सलाम या दिलाले."

दोन सलाम! आजवर कोणाच्या घरी असं झालं नव्हतं. झेबाची सासरची माणसं जीपमध्ये बसतानाही म्हणत होती, दिल असावं तर त्या धाकट्या भाभीसारखं. संध्याकाळपर्यंत गिरणीत, पानठेल्यावर, विहिरीवर तेच. टर्कीचं कोणी नावही घेईना.

"सलाम तर तुलेच भेटला ना?" मेहबूब म्हणाला. "मंग तोंड काऊन असं?"

"हाताले भेटला," अमीना फणकारली. "हात तर कोणालेबी असते!"

दुसऱ्या दिवशी ती मुबीनाच्या दारात गेली. "तुही कढई खामगावले नेऊन दुरुस्त करू. पुढच्या मंगनीले तूच रांध. आतून नाव मी सांगतो. असं सांगतो की बाहेरचा म्हातारा रडला पाह्यजे."

"राहू द्या ना भाभी, तुमचाच हात..."

"चूप! एकदा दिल दाखवलं ना तुनं? आता माही बारी हाय."

पण घरात मंगनीची पोर कुठं होती? होती ती एकटी मुबीनाची, आणि ती अजून अंगणवाडीत. अमीनानं आठवडाभर नातेवाईक चाळले आणि शेवटी मेहबूबचा चुलतभाऊ रज्जाक धरला. कापसाच्या जिनिंगवर चौकीदार, पन्नाशी उलटलेला, लग्नाचं नाव काढलं की गाव सोडणारा. पोरीकडून नाही तर पोराकडून, मंगनी या अंगणात करू, असं तिनं ठरवून टाकलं. एसटीत बसवून तिनं त्याला पोरगी पाहायला लोणारपर्यंत नेलं. सरोवर जवळ आलं तसा तो रडकुंडीला आला.

"भाभी, खुदाच्या वास्ते सोडा. मले लग्न नाई करायचं!"

"तुह्या लग्नाशी मले काय करायचं हाय बे?" अमीनानं त्याची बाही घट्ट धरली. "मले दावत पाह्यजे."