सतरा नंबरची चिठ्ठी

१९६२ चा चैत्र. तलासरीच्या कचेरीत गोविंदराव कारकुनांनी डब्यातून शेवटची चिठ्ठी उचलली. सतरा!

गेल्या साली हाच आकडा निघाला होता. गावची घरे दोनशे. दर साली चिठ्ठ्या टाकून वीस निवडायची, पाणी आणायला किती वेळ लागतो ते विचारायचे, सरासरी काढायची. तिच्यावर विहीर ठरणार. सतरा नंबर म्हणजे डोंगरापलीकडच्या पाड्यावरचे नवशीचे घर. त्या पाड्यावरची आणखी तीन घरे निघाली होती. उन्हात तिथवर कोण तंगडतोड करणार! गोविंदरावांनी चारही जागी सडकेवरची घरे लिहिली. सरासरी आली अवघा पाव तास. विहीर दुसऱ्या गावाला गेली, आणि वैशाखात झऱ्याच्या खड्ड्यात उतरलेल्या नवशीवर दरड कोसळली.

तेव्हापासून कुठेही रिकामा हंडा वाजला, की गोविंदराव दचकत. वळून पाहावे तर कुणीच नसे.

"पुन्हा तिचंच घर कसं गं निघालं?" घरी येऊन त्यांनी बायकोला, हिरकणीला, सगळे सांगून टाकले. "यंदाही सडकेवरचंच लिहू का?"

हिरकणी चुलीपुढून उठलीच नाही. "चिठ्ठीला मागचं आठवत नाही. तुम्हाला आठवतंय ना? अहो, शितावरून भाताची परीक्षा होते, पण पळी तळाशी घालून शीत काढलं तर! तुम्ही वरवरचं चेपलंत. कच्चा भात कुणाच्या वाट्याला आला?"

सकाळी गोविंदराव डोंगर चढले. नवशीचा नवरा, सुक्या, दारात बसला होता. शेजारी हंडा उपडा.

"पाणी आणायला किती वेळ लागतो?" त्यांनी वही उघडून विचारले.

"नवशी गेली ती आजून आली नाय, साहेब. काय लिवायचा तो लिवा."

गोविंदरावांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. अरेरे! ह्या उत्तराची सरासरी कशी काढायची? त्यांनी पाड्यावरचे घरन् घर विचारले, आणि अहवालात आधी आपली गेल्या सालची लबाडी लिहिली. नोकरी जाणार असेल तर जावो!

बांधवांनो, चिठ्ठी आंधळी असते म्हणून तिला सगळी घरे सारखी. आपल्याला डोळे आहेत, म्हणून आपण जवळचे पाहतो आणि त्यालाच गाव म्हणतो. मोजायला निघालात, तर लांबचे घर टाळू नका.

पुढल्या साली पाड्यावर विहीर झाली. पहिला हंडा सुक्याने भरला. गोविंदराव मात्र हंडा वाजला की अजून दचकतात.