आमच्याकडे नोंद नाही

दहिसरच्या चाळीत गुणाजीच्या खोलीत दर रविवारी पंधरा-वीस जण प्रार्थनेला जमत. दारावर क्रूस नव्हता, पाटी नव्हती. दारू सुटल्यापासून गुणाजी येशूचं नाव घ्यायचा, आणि त्याच्यामागून त्याची बायको प्रेमाही. एका रविवारी साध्या कपड्यांतली माणसं आली. विनापरवाना चर्च चालवतोस म्हणाली आणि भर प्रार्थनेतून त्याला गाडीत घालून घेऊन गेली.

पोलीस ठाण्यात प्रेमाला सांगितलं, असा माणूस इथे आणलेलाच नाही. दुसऱ्या एका कार्यालयात म्हणाले, प्रकरण गोपनीय आहे. म्हणजे प्रकरण होतं, माणूस मात्र कुठेच नव्हता. अटकच दाखवलेली नाही तर जामीन कशाचा मागू, असं वकील म्हणाला. ती रोज ठाण्यात जाऊन बाकड्यावर बसायची आणि रोज तिला उठवून लावायचे.

एके दिवशी तिथल्या एका साहेबाने तिच्यासाठी चहा मागवला. तुमच्याकडे कोण कोण येतं तेवढं सांगा, म्हणाला, नवरा कुठे आहे ते मी सांगतो. प्रेमाच्या अगदी ओठांवर नावं आली. पहिलंच श्रुतिकाचं. मागच्या गल्लीतली ही नर्स सासरच्यांना चोरून यायची. प्रेमाने चहा तसाच ठेवला आणि उठली. रस्त्यात तिला रडू फुटलं. आपणच नवऱ्याला आत लोटून आलो, असं वाटत राहिलं.

आठवडा सरता सरता गुणाजी आपल्या पायांनी घरी आला. भिंत धरून बसला. कुठे ठेवलं होतं, तिने विचारलं.

"विचारू नको. बोललो तर परत नेतील." मग भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "झोपूच देत नव्हते गं. मी सगळ्यांची नावं सांगितली."

तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि श्रुतिकाच्या घराकडे धावली.

श्रुतिकाची सासू कृष्णाबाई उंबऱ्यातच बसली होती. दुपारी दोघे जण सुनेला चौकशीला म्हणून घेऊन गेले होते. मुलगा ठाण्यात जाऊन आला, तर तिथे तिची नोंदच नव्हती.

"आमची पोर कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला का नेलं गं?"

"आमच्यामुळे," प्रेमा म्हणाली, आणि रविवारच्या प्रार्थनेपासून सगळं तिने सांगून टाकलं.

आता ही शिव्या घालणार, असं तिला वाटलं. कृष्णाबाईने नुसता पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, मला हात धरून उठव, मी येते ठाण्यात.

दोघी ठाण्यात पोहोचल्या. हवालदाराने प्रेमाला ओळखलं. तिने तोंड उघडायच्या आधीच त्याने नकाराची मान हलवली.