गाठ सोडवायला ती चालते

लग्नाच्या रजईला विधवेचा हात लागू नये, असे ज्या कोणी ठरवले, त्याला मी तोंडावर विचारते: तू जन्मात एक तरी टाका घातलास का? सुई धरलीस का? थंडीत भेगाळलेल्या बोटांनी जाड कापसातून धागा ओढलास का? नाही ना? मग शिवणाऱ्या बाईचे हात शुभ की अशुभ, हे ठरवायला तुला कोणी बसवले?

मित्रांनो, मी एक जुने पितळी अंगुस्तान आहे. शहरातल्या शिंप्याकडे टोपीसारखे असते तसे नव्हे. मी अंगठीसारखे, दोन्ही बाजूंनी उघडे, मधल्या बोटात बसणारे. माझ्या अंगभर बारीक खळगे आहेत. सुईचे बूड त्या खळग्यात टेकवायचे आणि ढकलायचे, एवढेच माझे काम. चीनमधल्या शान्शी प्रांताच्या डोंगराळ भागातल्या एका फिरत्या कासाराने मोडक्या कुलपाचे पितळ वितळवून मला घडवले. एकेक खळगा ठोकताना तो खोकत होता, म्हणून एका बाजूचे खळगे वाकडे पडले आहेत. युनशियाच्या आईने मला दोन अंडी देऊन घेतले आणि लेकीच्या लग्नात तिच्या बोटात घातले.

तेव्हापासून मी युनशियाच्या बोटात आहे. पिंजाऱ्याने धनुकलीवर कापूस पिंजून दिला की ती तो खालून विस्तवाने तापवलेल्या, झोपायच्या मातीच्या ओट्यावर पसरायची, तळहाताने चाचपून कुठे पातळ आहे ते ओळखायची. मग दोरीला खडू लावून कापडावर फटकारायची, म्हणजे सरळ रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून आम्ही निघायचो. सुई पुढे, मी मागे. अर्ध्या गावाच्या लग्नाच्या रजया आम्ही शिवल्या. बायका म्हणायच्या, "युनशियाची रजई धुतली तरी कापूस जागचा हलत नाही."

मग खाणीचे छत कोसळले आणि तिचा नवरा त्याखाली गेला. ते छत तिने शिवले होते का? पण दुसऱ्याच महिन्यापासून लग्नाचे काम बंद. म्हाताऱ्यांची गोधडी चालेल, बाळाचे दुपटे चालेल, लग्नाचे लाल कापड मात्र दारातूनच मागे जायचे.

तेही तिने गिळले. मग थोरल्या लेकीचे, लानशिनचे लग्न ठरले.

आमच्याकडे लग्नाची रजई चार भाग्यवान बायका शिवतात. भाग्यवान म्हणजे जिचा नवरा जिवंत, आईबाप जिवंत, पदरी मुलगा आणि मुलगी दोन्ही. हात कसा आहे, ते कोणी विचारत नाही. चौघींतल्या थ्येन काकूंचा नवरा रोज पिऊन गोठ्यामागे पडतो, पण जिवंत आहे. एवढे पुरते.

आदल्या दिवशी लानशिन आईला म्हणाली, "आई, एक तरी टाका तुझा असू दे. कोपऱ्यात घाल. कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल ना," युनशिया म्हणाली आणि कणीक मळू लागली.

सकाळी अंगणात उन्हात चटई पडली. चौघी चार कोपऱ्यांना बसल्या. युनशिया स्वयंपाकघरात. तेवढ्यात थ्येन काकू ओरडल्या, "अगं युनशिया, माझं अंगुस्तान घरी राहिलं. तुझं दे की!"

शेजारी देखरेखीला बसलेल्या हाओ आजी कुरकुरल्या, "तिचं कसं चालेल?"

"का? त्याचा कुठं नवरा मेलाय?"

सगळ्या खो खो हसल्या. मी त्या जाड बोटात अर्ध्यावरच अडकले. मी चालले मित्रांनो, माझी मालकीण चालली नाही.

लग्नाच्या रजईचा धागा लाल, अखंड आणि बिनगाठीचा हवा. टोकाला गाठ मारायची नाही, दोन उलटे टाके घालून धागा रुतवायचा. रजईत गाठ राहिली तर संसारात राहते म्हणतात. आणि धागा संपेपर्यंत कात्री लावायची नाही. थ्येन काकू गप्पांच्या नादात रोजच्या सवयीने गाठ मारून बसल्या. वीतभर शिवण झाल्यावर हाओ आजींच्या लक्षात आले.

"अगं बाई, ही गाठ कुणाची?"

चौघींनी नखे लावून पाहिली. गाठ आणखी आवळली. लानशिन उंबऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "आईला बोलवा. नाहीतर ही रजई मी नेणार नाही."

"तिनं शिवायचं?"

"शिवायचं नाही, सोडवायचं!" थ्येन काकू म्हणाल्या. "सोडवणं म्हणजे काही शिवणं नव्हे."

लगेच सगळ्यांना पटले. किती पटकन पटले!

युनशिया पिठाचे हात पुसून आली. तिने मला आपल्या बोटात घातले, दुसऱ्या सुईचे टोक गाठीत शिरवले आणि श्वास रोखून हळूहळू ती उकलली. धागा कुठे विरला नाही, तुटला नाही. सुटे टोक तिने त्याच सुईत ओवले. आता फक्त दोन उलटे टाके. सुई कापडावर टेकली होती, तिचे बूड माझ्या खळग्यात होते.

थ्येन काकू हळूच म्हणाल्या, "घाल गं. मी कोंबड्यांकडे बघते."

आणि खरेच त्यांनी मान फिरवली. हाओ आजींनीही तिकडेच पाहिले. अंगणात कोणी अडवणारे उरले नव्हते.

युनशियाने सुई काकूंच्या हातात दिली. "नको काकू. उद्या तिच्या घरात कप जरी फुटला, तरी मला वाटेल माझ्यामुळे."

तिने मला काढून सुईशेजारी ठेवले आणि ती आत गेली. काकूंनी दोन टाके घातले, वाकडे. लानशिन ती रजई घेऊन ट्रॅक्टरवर बसली, तेव्हा रजईत आईचा एकही टाका नव्हता.

आता मी घासून पातळ झाले आहे. एका जागी तडा गेला आहे, त्याची मला फिकीर नाही. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला ठेवायला पत्र्याचा डबा आहे. त्या हातांना जागा द्या.

कारण धाकटीचेही लग्न ठरले आहे. लाल कापड आणून ठेवले आहे. आठव्या महिन्याच्या सहा तारखेला अंगणात पुन्हा चटई पडेल, चौघी बसतील, मला मागून नेतील. आणि युनशिया पुन्हा कणीक मळत असेल.

तेव्हा तू, जो कोणी नियम करणारा आहेस, बाहेर ये. तिच्यासमोर उभा राहा. जे बोट तुझी गाठ सोडवायला चालते, ते टाका घालायला का चालत नाही? सहा तारखेच्या आत सांग.