पडद्यावरचे हात

भवानी पेठेतल्या मैदानावर रेवणप्पांचा सिनेमाचा तंबू होता. देवादिकांचे मुके खेळ तिथं व्हायचे, आणि पडद्यावर येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या एक मास्तर मोठ्यानं वाचायचे. एकोणतीस सालच्या माघात मात्र भलताच खेळ आला. त्यात गोष्ट नाही, देव नाही, पाटी तर एकही नाही. नुसती गिरणी. धुराडं, चाकं, पट्टे, फाटकातून आत शिरणारी माणसं. मुंबईचे कुणी गृहस्थ वर्षापूर्वी आपल्याच गावात चित्रं टिपायचं यंत्र घेऊन हिंडले होते, त्यांनी तो काढलेला.

पहिल्या दिवशी लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग रेवणप्पांनी चन्नवीरबुवांना गाठलं. बुवा कीर्तनाला उभे राहिले की माणूस जागचा हलत नाही, हे साऱ्या पेठेला ठाऊक. पडदा मुका असला तरी तुम्ही गप्प राहायचं नाही, एवढीच रेवणप्पांची अट. मी बुवांचा पेटीवाला, म्हणून पेटी घेऊन मीही गेलो.

दिवेलागणीला, खेळ सुरू व्हायच्या आधी, मंद्रूपची एक धनगरीण पोरीला घेऊन बुवांपुढं आली. मायाक्का तिचं नाव. तिचा नवरा सिदू गिरणीत सूतखात्यात होता, तुटलेलं सूत जोडायच्या कामावर. मागल्या उन्हाळ्यात पटकीनं गेला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या गड्यानं तिला सांगितलं होतं, की त्या यंत्रानं सिदूलाही टिपलंय. बाप गेला तेव्हा पोरगी अंगावर पिणारी, आता कुठं चालायला-बोलायला लागलेली. घरात त्याची तसबीर नाही.

"म्हाराज, हिला बा दावायचाय," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाय."

बुवा म्हणाले, त्याला मी ओळखत नाही, दिसला की तूच खूण कर.

खेळ सुरू झाला. चाकं फिरू लागली तसं बुवांनी निरूपण धरलं, की देह हे वस्त्र, विणणारा एक शंकर. काय गोड बोलत होते! मलाही पडद्याचं भान उरलं नव्हतं. फाटकातून माणसं आली, शे-दोनशे तोंडं भराभर सरकली. मायाक्का मान पुढं काढून बघत होती. पण खूण आली नाही.

मग हात आले. तोंडं नाहीत, नुसते हात, पडद्याएवढाले. सूत तुटे, दोन बोटं पुढं येत, जोडून मागं जात. त्यातला एक हात सूत धरण्याआधी मांडीवर तळवा घासून घेई. गिरणीत तसं कुणी करत नाही. लोकर कातणारा धनगर मांडीवर टकळी फिरवतो, ती ही सवय.

कीर्तनात कुणी मध्ये बोलत नसतं. मायाक्का उठली, पोरीला कडेवर घेऊन पुढं आली आणि बुवांच्या पायांवर तिनं हात ठेवला.

बुवा शब्द अर्धा टाकून थांबले. वळून खेळ दाखवणाऱ्या यंत्रवाल्याकडं बघत त्यांनी तळहात खाली दाबला. लय उतरवायची असली की मला करतात तीच खूण. तो शहाणा माणूस, यंत्र फिरवायचा दांडा त्यानं हळू केला. अजून हळू केला असता तर फीत जळाली असती. पडद्यावरचा तो हात संथ झाला. मांडीवर गेला, वर आला, सुताला लागला.

"त्यो बग तुजा बा," मायाक्का म्हणाली.

"तोंड कुटं हाय?"

"तोंड माज्या ध्यानात हाय की. हात इसरले हुते मी."

तंबूत कुणी शिट्टी मारली नाही. रेवणप्पा मागून येऊन, बोलत राहा, असं बुवांच्या कानात सांगून गेले. बुवांनी उपरणं तोंडाला लावलं. मी पेटीवरचे हात काढून घेतले.

सिदूचा हात गेला, दुसरे आले. काळे, बारीक, नख गेलेले. दर वेळी पोरगी बोट करी, ह्योबी बाच का?

"न्हाय," आई सांगे, "ह्यो दुसऱ्या कुणाचा बा."

पुढचा हात आला. पोरीनं पुन्हा बोट केलं. बुवा तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि तिचं बोट जाईल तिकडं बघत होते.