पॉसिबल, प्रॉबेबल आणि रंगू

मी भागोजीचा इंग्रजी-मराठी शब्दकोश बोलतोय. शब्दकोश म्हणजे फारच मोठं नाव झालं. खिशात मावेल एवढा मी, पुठ्ठा हिरवा, अक्कल बेताची.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मला लिहिणारा माणूस कायम घाईत. एका शब्दाला लावलेला अर्थ उचलायचा आणि जवळच्या भावंडाला चिकटवायचा. खरं सांगू? मला त्याचं काहीच वाटायचं नाही. काम कमी, ऐट जास्त!

भागोजी उरणजवळच्या मिठागरावर मुकादम. सातवी पास, म्हणून गावात साहेब. कुणाकडं इंग्रजी कागद आला की तो मला मांडीवर घ्यायचा, एकेक शब्द शोधायचा आणि त्याच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचा. मग ते अर्थ ओळीनं वाचले की झालं! लोक आ वासून ऐकायचे. मी पण कमी नव्हतो. तो ‘सॉल्ट’ शोधत असला की वाऱ्याचं निमित्त करून ‘मंकी’चं पान पुढं करायचो.

अठ्ठावन्न साली अंबाजीची बायको रंगू आजारी पडली. अंबाजी त्याच मिठागरावर मीठ ओढायचा. रंगूच्या पोटात गाठ निघाली. लाँचनं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ती नवऱ्याला म्हणाली, "बरी होनार असंल तर ऱ्हाते. न्हाय तर मला घरी ने. परक्या खाटेवर मरायची न्हाय मी."

"नेईन. देवीची आन."

महिन्याभरानं तो डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टरला मराठी येईना, अंबाजीला इंग्रजी. चिठ्ठीत एकच ओळ होती. बरं होणं पॉसिबल आहे, पण प्रॉबेबल नाही.

भागोजीनं मला उघडलं. पॉसिबल: होण्यासारखं. पानं उलटली. प्रॉबेबल: होण्यासारखं.

"बरी होन्यासारखी हाय," भागोजीनं वाचलं, "पन होन्यासारखी न्हाय."

"आँ? डॉक्टर दारू पिऊन लिवतो का काय?"

"अरं, सायेब लोकांचा हात लय भरभर चालतो. चुकून ‘न्हाय’ पडला असंल."

अंबाजीची आई सखुबाई दारातून ओरडली, "बाबांनो, त्यापरीस देवीला कौल लावा!"

"म्हातारे, देवी इंग्रजी कवा शिकली?" भागोजी म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. मग भागोजीनं तो ‘न्हाय’ खोडून टाकला.

मिठाचा मोसम होता, रजा नव्हती. बरी होणार म्हणून अंबाजी निवांत कामावर गेला. अकराव्या दिवशी रंगू दवाखान्यातच गेली. शेजारच्या खाटेवरची बाई त्याला सांगत होती, "रोज दाराकडं बघायची. म्हणायची, मला कळलंय, त्यांनाबी कळलं असंल, आज येतील न्यायला."

अंबाजी तिचं लुगडं तेवढं घेऊन परत आला.

तेराव्याला शाळेचे दिनानाथ मास्तर आले. चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, "अंबाजी, फाल्गुनात मिठागरावर पाऊस पडणं, हे पॉसिबल. मिरगात पडणं, हे प्रॉबेबल."

"म्हंजे तिला आनायची व्हती."

मास्तरांनी चिठ्ठीची घडी घालून त्याच्या हातात दिली.

त्याच दिवशी अंबाजी भागोजीकडं आला. "ते दोन सबूद दाखव."

भागोजीनं दाखवले. अंबाजीला वाचता येत नाही, पण बघता येतं. एका अर्थावर त्यानं बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर.

"सारकंच दिसतंय रं. मग तुजी चूक न्हाय, भाग्या."

त्यानं मला हळूच मिटलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

भागोजीनं मला माळ्यावर टाकलं. सहा वर्षं झाली. आता मला फरक कळतो हो. पण पानावर अजून तेच छापलेलं आहे आणि मला हात नाहीत. कुणी उघडलं तर मी पुन्हा तेच खोटं सांगणार.

हल्ली मला वाळवी लागलीय. तुम्ही कधी माळ्यावर चढलात तर झाडू आणून तिला हाकलू नका. पी अक्षरापर्यंत पोचायला तिला अजून थोडे दिवस लागतील.