मध्यंतरानंतरची फेना

लुबर्टच्या घरात फेनाचं नाव काढायची सोय नव्हती. चर्चच्या पंचांपैकी एक होता तो. पोरगी लग्नावाचून एका चित्रकाराबरोबर ॲमस्टरडॅमला राहायला गेली, तेव्हा त्याने तिचे फोटो उतरवून शेगडीत घातले. "मला मुलगी नाही," म्हणाला. मागच्या हिवाळ्यात ती मोपेडवरून पडून गेली, तरी गडी बधला नाही. मेलेल्या लेकीवर कुणी राग धरतं का? पण या बाबाने धरला!

आणि मग तो सिनेमा आला. प्रेमाचा, उघड्यावाघड्या अंगांचा, शेवटी ढसाढसा रडवणारा. पाळकाने प्रवचनात त्याला शिव्या घातल्या, तशी जवळच्या झ्वोले शहरातल्या थिएटरापुढची रांग आणखीच लांबली. अर्धा देश बघून आला म्हणत. शेजारची रेन्स्के एक दिवस कुंपणाशी येऊन कुजबुजली, "आल्ट्येकाकू, आपली फेना आहे त्यात. जायच्या आधी काम केलं होतं तिनं. एवढंसंच, पण काय हसते हो!"

फेनाच्या आईचं, आल्ट्येचं, अन्नावरून मन उडालं. घरात एक फोटो उरला नव्हता, लेकीचा चेहरा आठवायला गेलं की पुसट व्हायचा. एकदा, फक्त एकदा तिला हलताना-बोलताना बघायचं होतं. शनिवार हा सिनेमाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी लोकर आणते असं लुबर्टला सांगून तिने बस पकडली.

जन्मात तिने थिएटर पाहिलं नव्हतं. पडद्यावरचं ते सगळं बघून डोळे मिटावेसे वाटत होते, पण तेवढ्यात फेना येऊन गेली तर? मिटले नाहीत. अखेर नायकाने रागाने दार आपटलं आणि भक्कन दिवे लागले. लोक कोट उचलून बाहेर निघाले. संपलं, असं समजून आल्ट्ये रुमालात तोंड लपवत बसथांब्यावर आली.

"लोकर कुठाय?" घरी लुबर्टने विचारलं.

"जळो ती लोकर! सिनेमाला गेले होते. करा काय करायचं ते. कापून टाकलं हो मेल्यांनी माझ्या फेनाला! तो दार आपटतो आणि संपतोच सिनेमा."

लुबर्टने कॉफीचा कप खाली ठेवला.

"संपत नाही गं," तो म्हणाला. "मध्यंतर असतं ते. लोक कॉफी पिऊन परत येतात. फेना त्याच्यानंतर येते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"पिवळा रेनकोट आहे अंगात. पुलावर सायकलची साखळी निसटते आणि पोट धरून हसते. लहानपणी हसायची तश्शी."

आल्ट्ये खुर्चीत बसली. दर गुरुवारी पंचांची बैठक म्हणून हा माणूस काळा कोट घालून बाहेर पडायचा.

"दर गुरुवारी?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"कुठल्या तोंडानं सांगू, आल्ट्ये?" लुबर्ट म्हणाला. "फोटो मीच जाळले ना. शेवटी वळून बघते गं ती. थेट आपल्याकडे."

"आपल्याकडे नाही," आल्ट्ये म्हणाली. "तुमच्याकडे."